देवळातल्या काढून टाकलेल्या बोर्डाबद्दल विश्वस्तांना खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि विश्वस्त मंडळ,
आमच्या पेठेतलं देऊळ (नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल),
पुणे

सप्रेम नमस्कार.

शताब्दीची स्मरणिका मिळाली. कागद चांगला वापरलाय, छपाई झकास, जाहिराती जरा जास्त झाल्यात पण त्याशिवाय स्मरणिका निघत नाही हे मलाही कळतं. मी पाठवलेला लेख "ताई जरा निगेटिव्ह वाटतोय" म्हणून परत आला त्याचाही राग नाही, शाळेत तीस वर्षं केमिस्ट्री शिकवलीये, कोण काय परत करतं याची सवय आहे. पण पान नऊवरचं एक वाक्य वाचलं आणि हातातला चहा खाली ठेवला. "या मंदिरात अनादी काळापासून स्त्री-पुरुष असा भेद कधीही पाळला गेला नाही." आता देऊळ शंभर वर्षांचं, म्हणून तर शताब्दी, मग अनादी काळ मधेच कुठून आला, पण ते सोडा, लिहिणारा भक्तिभावात वाहवला असेल. भेद कधीही पाळला गेला नाही?

अहो बोर्ड होता.

गाभाऱ्याच्या उंबऱ्याशेजारी, घंटेच्या जरा खाली, निळ्या पत्र्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहिलेलं होतं, "स्त्रियांनी गाभाऱ्यात प्रवेश करू नये. हूकुमावरून." त्यातला हू दीर्घ होता आणि माझे वडील, जे पुण्याचे होते हे वेगळं सांगायला नको, आयुष्यभर दर चतुर्थीला त्या बोर्डापुढं उभं राहून फक्त त्या दीर्घ हू वर चिडायचे. पहिल्या वाक्याबद्दल आमच्या घरात कोणी कधी काही बोलल्याचं मला आठवत नाही.

आई नैवेद्याचं ताट घेऊन उंबऱ्यापर्यंत यायची. आत न्यायला माझा धाकटा भाऊ. वय वर्षं सहा, नाक वाहतंय, चड्डीची नाडी बाहेर, ताट तिरकं, भातावरचं वरण मोदकाकडं निघालंय आणि आई बाहेरून "सरळ धर रे, सरळ धर" करतीये. पहाटे चारला उठून सोवळ्यात स्वैपाक केलेली बाई बाहेर आणि शेंबडं पोर आत. मी तेव्हा दहा वर्षांची. मी तिला विचारलं की हा आत जातो आणि तू का नाही, तर ती म्हणाली, पूर्वीपासून तसंच आहे. पूर्वीपासून. आता स्मरणिकेत तुम्ही म्हणताय की पूर्वीपासून तसं नव्हतंच. म्हणजे पूर्वीपासून काय आहे हे दर चाळीस वर्षांनी नव्यानं ठरतं आणि दोन्ही वेळेला ते पूर्वीपासूनच असतं, याची मला गंमत वाटते. खरं सांगायचं तर आता गंमतही वाटत नाही.

बोर्ड गेला कधी ते मला पक्कं माहितीये कारण तेव्हा आई आजारी होती आणि मी रोज माहेरी येत होते. २०१६ चा उन्हाळा. त्याच सुमारास शनीच्या चौथऱ्यावर बायकांना बंदी म्हणून शनिशिंगणापूर गाजत होतं. मार्च संपता संपता हायकोर्टात विषय निघाला, कोर्टानं सरकारला १९५६ च्या मंदिरप्रवेशाच्या कायद्याची आठवण करून दिली, आणि ८ एप्रिलला, ऐन गुढीपाडव्याला, तिथल्या ट्रस्टनं चौथरा सगळ्यांना खुला केला. शनी तोच, शिळा तीच, तेल तेच, आणि इतकी वर्षं टीव्हीवर मोठमोठ्यानं सांगितलेलं शास्त्र आठ-दहा दिवसांत बदललं. मग आपल्याकडंही एका सकाळी बघितलं तर भिंतीवर बोर्डाच्या जागी चार भोकं, कडेनं गंजाचे ओघळ आणि मधे फिकट चौकोन. ना सूचना, ना ठराव, ना सत्यनारायण. आठवड्यात रंग मारून झाला. पुजारीबुवांना विचारलं तर म्हणाले, "कसला बोर्ड?" आणि घंटा वाजवली.

तर माझी तक्रार नीट समजून घ्या. बदल झाला त्याची तक्रार नाही. आई शेवटच्या वर्षी व्हीलचेअरवरून का होईना आत जाऊन आली, नंतर मला म्हणाली आत फार उकडतं गं. बास, एवढंच म्हणाली. मी देव मानत नाही, पण त्या दिवशी मीच तिची खुर्ची ढकलत होते. माझं म्हणणं इतकंच आहे की बदललं तर बदललं म्हणा.

तुम्ही म्हणाल ताई तुम्हाला खुसपटच काढायचं असतं. हो, काढते. कारण धर्मातले नियम बदलतात कसे हे मी आता पन्नास वर्षं जवळून बघतीये आणि मला एकदाही असं दिसलेलं नाही की कोणीतरी पोथी उघडली, नवीन अर्थ सापडला आणि म्हणून नियम बदलला. आधी बाहेरून काहीतरी अंगावर येतं. कायदा येतो, पैशाची अडचण येते, जागा कमी पडते, पोरी शिकतात. मग नियम पाळणं परवडेनासं होतं, मग तो गुपचूप सुटतो, आणि सगळ्यात शेवटी कोणीतरी पोथी उघडून सांगतं की मूळ अर्थ हाच होता. पोथी नेहमी वरातीमागून घोड्यासारखी येते.

यातला माझा आवडता किस्सा आपल्याच गावातला. १४ ऑक्टोबर १८९०. गुरुवार पेठेत पंचहौद मिशनमध्ये व्याख्यान होतं, त्यानंतर पाद्र्यांनी चहा-बिस्किटं ठेवली. रानडे होते, टिळक होते, बरीच मातब्बर मंडळी होती. कुणी प्यायलं, कुणी नुसता कप हातात धरला. आणि नावं छापून आली पुणे वैभव या वर्तमानपत्रात! ख्रिश्चनाच्या हातचा चहा म्हणजे धर्म बुडाला, प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशीला शास्त्री नेमले, पंक्ती बंद, ग्रामण्य म्हणजे जातीचा बहिष्कार. टिळकांनी सांगितलं मी काशीला प्रायश्चित्त घेतलंय. रानड्यांनी १८९२ मध्ये घेतलं. पुढच्याच वर्षी हायकोर्टाचा जज्ज झालेला माणूस एक कप चहासाठी प्रायश्चित्त घेतो, विचार करा किती दाब असेल.

आता मला सांगा, तो चहाचा नियम रद्द कधी झाला? कुठल्या शंकराचार्यांनी पत्रक काढलं की आता चालेल? कोणीच नाही. तो कधीच रद्द झालेला नाही. आज या पेठांत दर पन्नास पावलांवर अमृततुल्य आहे, पिणारा कोण, करणारा कोण, कप कोणी विसळला, कोणी विचारत नाही. नियम नुसता मेला, त्याचं दहावं-तेरावं पण झालं नाही.

आणि गंमत बघा, त्याच महिन्यात, बरोब्बर आठ दिवस आधी, ६ ऑक्टोबर १८९० ला, तिकडं अमेरिकेत मॉर्मन लोकांच्या चर्चनं आपला एक मोठा सिद्धांत गुंडाळला. त्यांच्यात एकापेक्षा जास्त बायका करणं ही देवाची आज्ञा होती, नुसती परवानगी नव्हे. मग अमेरिकन सरकारनं कायदे केले, १८८७ च्या कायद्यानं चर्चची मालमत्ता जप्त करायची सोय केली, मे १८९० मध्ये सुप्रीम कोर्टानं ते उचलून धरलं, आणि सप्टेंबरात त्यांचे अध्यक्ष विल्फर्ड वुडरफ यांनी जाहीर केलं की आता नवीन लग्नं लावायची नाहीत. देवानंच त्यांना दाखवलं म्हणे की नाही थांबवलं तर काय होईल. देवाचं टायमिंग सुप्रीम कोर्टानंतर चार महिन्यांचं. १८९६ मध्ये युटाला राज्याचा दर्जा मिळाला. पुढं कृष्णवर्णीय पुरुषांना पुरोहितपद देण्याचं प्रकटीकरणही १९७८ मध्ये आलं, म्हणजे अमेरिकेतली नागरी हक्कांची सगळी आंदोलनं होऊन, कायदे होऊन, दशक उलटून गेल्यावर.

पण मी एका गोष्टीसाठी त्यांना मार्क देते. त्यांनी तारीख टाकली. तो जाहीरनामा त्यांच्या धर्मग्रंथात छापलेला आहे, अमुक साली अमुक बदललं, कोणीही उघडून बघू शकतं. ज्या धर्माला हेडऑफिस असतं तिथं सर्क्युलर निघतं. आपल्याला हेडऑफिस नाही म्हणून आपल्याकडं रात्रीत स्क्रू काढतात. अर्थात हेडऑफिसवालेही सगळे सरळ नसतात. कॅथलिकांमध्ये बाप्तिस्मा न होता गेलेलं तान्हं बाळ स्वर्गात जात नाही, लिंबो नावाच्या मधल्याच जागी राहतं असं शेकडो वर्षं आयांना सांगितलं गेलं, आणि २००७ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मपंडितांच्या आयोगानं कागद काढला की अशी बाळं तरतील अशी आशा धरायला जागा आहे, आणि लिंबो हा तसा चर्चचा अधिकृत सिद्धांत कधी नव्हताच, ते एक मत होतं. कधी नव्हताच! हे वाचलं तेव्हा मला आपले पुजारीबुवा आठवले. कसला बोर्ड.

आता कट्ट्यावरचे काका विचारणार, यांना मुसलमान दिसत नाहीत का. दिसतात की. एका दमात तीनदा तलाक म्हणून बायको सोडायची जी पद्धत होती तिचं नावच तलाक-ए-बिद्दत, बिद्दत म्हणजे नंतर काढलेलं, मूळात नसलेलं. त्यांचेच मौलवी म्हणत होते की हे पाप आहे पण लागू होतं. हमीद दलवाईंनी १९७० मध्ये इथं पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, शिव्या खाल्ल्या, आणि सुप्रीम कोर्टानं ते तलाक रद्द केलं २०१७ ला. त्यानंतर लगेच "मूळ धर्मात हे नव्हतंच" म्हणणारे उगवले. मूळात नव्हतं ना, मग दलवाईंना शिव्या कशाबद्दल घातल्या? असो. काका, झालं समाधान?

आता जुन्या शास्त्र्यांबद्दल बोलते, कारण तुम्हाला वाटेल ही फक्त नावं ठेवणार. मला त्यांचा एका बाबतीत आदर आहे. त्यांच्याकडं कलिवर्ज्य नावाची सोय होती. पूर्वी धर्मात जे चालायचं पण आता चालवून घ्यायचं नाही अशा गोष्टींची सरळ यादी. अश्वमेध, नियोग, थोरल्या भावाला वाटणीत जादा हिस्सा, गवालंभ (ज्यांना अर्थ माहीत नाही त्यांनी शोधावा, मी इथं लिहिलं तर स्मरणिकेपेक्षा जास्त गाजेल). पां. वा. काण्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात अशी पंचावन्न कलिवर्ज्यं दिलीत, ते पाच खंड आपल्याच भांडारकर संस्थेनं छापलेत. शास्त्र्यांनी कारण दिलं कलियुगाचं, ते मला पटत नाही, पण "पूर्वी होतं आणि आता नको" एवढं लिहायची त्यांची छाती होती. तुमच्यापेक्षा ते जास्त प्रामाणिक होते हो.

त्याच यादीत समुद्रप्रवास आहे. समुद्र ओलांडलेल्या द्विजानं प्रायश्चित्त घेतलं तरी त्याला व्यवहारात घ्यायचं नाही, इतकं कडक. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या तेव्हा काय काय बोललं गेलं ते इथं सगळ्यांना पाठ आहे. आणि आता स्मरणिकेचं पान दोन बघा, देणगीदारांची यादी, निम्मे न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात. पहिलंच नाव माझ्या वर्गातल्या मुलाचं आहे. शंभर वर्षांत समुद्र आटला का? रुपया घसरला आणि डॉलर वाढला. तरी तुमच्या उद्घाटनाच्या भाषणात "आपण नियमांशी कधीच तडजोड केली नाही" हे वाक्य आलंच, मी तिसऱ्या रांगेत होते. (साबुदाणा, बटाटा, मिरची, शेंगदाणा सगळं परदेशी आणि त्यावरच आपली एकादशी, हे सगळ्यांनी लिहून झालंय म्हणून परत सांगत नाही. खिचडी मात्र मलाही आवडते.)

एक घरची गोष्ट सांगते. आमचा वाडा होता तेव्हा आजीचं सोवळंओवळं म्हणजे भूमितीच होती. मागच्या पडवीत बाहेर बसलेल्या बायका, त्यांचा वेगळा तांब्या, वेगळी वाकळ, चार दिवस कोणाला शिवायचं नाही. आजीची धाबळी वरच्या दोरीवर काठीनं वाळत पडायची आणि आम्हा पोरांनी त्या काठीलाही हात लावायचा नाही. मग १९८७ ला वाडा बिल्डरला दिला आणि आम्ही दोन खोल्या-किचनमध्ये आलो. आता बाहेर बसायचं म्हणजे कुठं? पहिल्या महिन्यात आजीनं आईला गॅलरीत बसवलं. गॅलरी रस्त्याकडं तोंड करून, समोर इस्त्रीवाला, म्हणजे आईची तारीख अख्ख्या चौकाला कळली. दुसऱ्या महिन्यात हॉलच्या कोपऱ्यात, तर तिथं टीव्ही आणि पाहुणे. तिसऱ्या महिन्यात आजी म्हणाली, "स्वैपाकघरात येऊ नकोस म्हणजे झालं." आणि पाचव्या का सहाव्या महिन्यात आजीचाच गुडघा धरला, भाकरी कोण करणार, तर आजी पलंगावरून म्हणाली, "जाऊ दे, देव काय बघायला येतोय." संपलं. कित्येक पिढ्यांचा विटाळ सहा महिन्यांत गेला. आगरकरांची पुण्यानं जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, इतकं लिहून बोलून त्यांना जे आमच्या घरात जमलं नाही ते एफएसआयनं, म्हणजे बिल्डरच्या बांधकाम-क्षेत्राच्या हिशोबानं केलं. नंतर आजीच बायकांना सांगायची, "आमच्याकडं पहिल्यापासून फार कडक नव्हतं हो." ती खोटं बोलत नव्हती, हे लक्षात घ्या. तिला खरंच तसंच आठवत होतं.

म्हणून मी तुम्हालाही थेट खोटारडे म्हणत नाहीये. माणसाची आठवण अशीच चालते. पण आजी स्मरणिका छापत नव्हती.

केमिस्ट्रीवालीचं एक उदाहरण द्यायचं राहिलंच. प्लास्टरचे गणपती नदीत विरघळत नाहीत, तर एनसीएलच्या, म्हणजे पुण्यातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी तोडगा काढला, बादलीत पाणी आणि अमोनियम बायकार्बोनेट. २०१६ पासून महापालिका ते वाटायला लागली. प्लास्टर म्हणजे कॅल्शियम सल्फेट, त्याचं होतं कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे खडू, तो तळाशी बसतो, वर राहतं अमोनियम सल्फेटचं पाणी, ते खत. बुडबुडे येतात, अमोनियाचा वास येतो, दोन दिवस लागतात. सुरवातीला आमच्या सोसायटीत केवढा गहजब, बाप्पा केमिकलमध्ये घालणार, भावना दुखावल्या, सह्यांची मोहीम. मग २०२० ला कोरोनात घाट बंद. शेजारच्या काकूंनी नाइलाजानं बादली घेतली, मीच माप सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी वरचं पाणी पातळ करून तुळशीला घातलं आणि मला म्हणाल्या, "बाप्पा तुळशीत गेला." महिन्याभरात तुळस जी तरारली, नायट्रोजनच तो, काकूंनी बिल्डिंगभर दाखवली. पुढच्या वर्षी तीन घरांनी तसंच केलं. आता त्यांची सून सांगते की विसर्जनाचं पाणी तुळशीला घालायचं असतं, शास्त्र आहे तसं. अख्खा सिद्धांत जन्माला येताना मी डोळ्यांनी पाहिलाय, साल माहितीये, बादलीचा रंग माहितीये (हिरवी), आणि तीन वर्षांत तो "घालायचं असतं" ला पोचला. मला त्यात वाईट काहीच दिसत नाही, तुळशीलाही नाही. पण उद्या कोणी म्हणालं की हे पुराणात आहे, तर मी बादली घेऊन येणार.

आणि हळू बदलणारी गोष्ट तर दिसतच नाही. देवळाच्या फळ्यावर दर संक्रांतीला खडूनं लिहिलेलं असतं "आजपासून उत्तरायण". सूर्य उत्तरेकडं सरकायला लागतो २१-२२ डिसेंबरला, हे पाचवीच्या पोराला माहितीये. पंचांगातली मकर संक्रांत साधारण सत्तर-बहात्तर वर्षांत एक दिवस पुढं जाते. विवेकानंद १८६३ मध्ये संक्रांतीच्या दिवशी जन्मले, ती तारीख १२ जानेवारी होती. आपण १४ जानेवारी १७६१ च्या पानिपताला "संक्रांत कोसळली" म्हणतो, तर त्या साली संक्रांत १० तारखेलाच होऊन गेली होती, हिशोब करून बघा, मी वहीत केलाय. आता कधी १४, कधी १५. एका माणसाच्या जन्मात एकच दिवस सरकणार, त्यामुळं प्रत्येक आजोबाला वाटतं संक्रांत चौदालाच असते, त्यांच्या आजोबांनाही तेरालाच असते असं वाटत असेल. सनातन म्हणजे मला तरी एवढंच दिसतं, बघणाऱ्याच्या आयुष्यापेक्षा हळू सरकणारं.

तुमच्यातले जे शिकलेले आहेत ते याच्यावर म्हणतात की लवचिकपणा हेच तर आपलं मोठेपण, आपला धर्म काळाप्रमाणं बदलतो. ऐकायला छान आहे. पण धर्म आपणहून बदलला की कोणीतरी तो ढकलला? १३ ऑक्टोबर १९२९ ला पर्वतीवर दलितांच्या मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह झाला. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज, त्यांच्याबरोबर एस. एम. जोशी, काकासाहेब गाडगीळ. दगड पडले, मारहाण झाली, दार उघडलं नाही. आज पर्वतीवर सकाळी फिरायला जाणारे निम्मे लोक त्या पायऱ्या मोजत चढतात आणि हे त्यांना माहीत नसतं. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरच्या विठोबाचं दार सगळ्यांना उघडावं म्हणून उपोषण केलं तेव्हा स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आलं होतं. आता जर कोणी लिहिलं की तिथं अनादी काळापासून भेद नव्हता, तर मग ती माणसं दगड खायला आणि उपाशी राहायला का गेली होती, हौस म्हणून? पान नऊवरच्या वाक्यानं बोर्ड लावणारे सुटतात हे मी समजू शकते. पण उंबऱ्यावर ताट धरून उभी राहिलेली बाईपण त्यातून पुसली जाते, आणि ती माझी आई आहे.

स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर महाभारत लिहिणारा गणपती आहे. चित्र सुरेख आहे. आपल्या लॉ कॉलेज रस्त्यावरच्या भांडारकर संस्थेनं १९१९ पासून १९६६ पर्यंत खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, १२५९ हस्तलिखितं ताडून बघितली, आणि गणपती लेखकू झाल्याची कथा जुन्या पाठात बसत नाही म्हणून मूळ संहितेतून बाहेर ठेवली. पुण्यात बसून गणपतीला बाहेर ठेवला, बोला! पण मला त्याहून आवडतं ते पुढचं. त्यांनी ती कथा फेकून दिली नाही. मागं परिशिष्टात अख्खी छापली, कुठल्या पोथीत आहे, कुठल्यात नाही, सगळं नोंदवून. द्रौपदीनं वस्त्रहरणाच्या वेळी कृष्णाचा केलेला धावा असाच तळटीपेत गेलाय. वर काय, खाली काय, कधी आलं, कुठून आलं, वाचणाऱ्यानं ठरवावं. सत्तेचाळीस वर्षं ही माणसं तळटीपा लिहीत होती.

मला तुमच्याकडून एक तळटीप हवीये. दुसरी आवृत्ती काढणार आहात असं ऐकलं, कारण दोन जाहिरातदारांचे फोन नंबर चुकलेत. त्यात पान नऊवर इतकंच घाला, "२०१६ पर्यंत स्त्रियांना गाभाऱ्यात प्रवेश नव्हता, त्यानंतर सुरू झाला." कारण लिहू नका, माफी मागू नका, कोणाचं नाव नको. एक ओळ. जागा नसेल तर माझ्या परत आलेल्या लेखाचे पैसे... पैसे नव्हतेच म्हणा त्याचे.

आणि दुसरी गोष्ट, तो बोर्ड. तो तुम्ही टाकलेला नाहीये. मागच्या महिन्यात प्रसादाच्या रांगेत होते तेव्हा मागच्या चौकात पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून एक पत्रा ठेवलेला दिसला, निळा, वर वीट. वाकून बघितलं तर पालथा आहे, पण कडेला दीर्घ हू चं शेपूट दिसतं. तो मला द्या. टाकीला नवीन झाकण मी आणून देते, माप घेतलंय, दोन फूट बाय दीड फूट. एखाद्या रविवारी रिक्षा घेऊन येईन.

आपली,
पेठेतलीच एक माहेरवाशीण

ता. क. पत्र पाठवण्याआधी भावाला फोन केला होता, म्हटलं तुझी साक्ष पण घालते. त्याला नैवेद्याचं ताट आठवतंय, मोदकात गेलेलं वरण आठवतंय, आई बाहेरून ओरडायची तेही आठवतंय. बोर्ड आठवत नाही.